जुळणीचे शास्त्र आणि हैदराबादेतील प्रवेश

मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या शिकलेल्या घरांत हैदराबाद हे नाव निराळ्या अर्थाने घेतले जात असे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड वा उस्मानाबाद येथून उच्च शिक्षणासाठी जावयाचे म्हणजे बहुधा हैदराबादेस जावयाचे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे निजामी राज्यातले एकमेव विद्यापीठ होते, आणि औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ निघाले ते १९५८ साली, म्हणजे राज्यपुनर्रचनेनंतर दोन वर्षांनी. तेलंगी, मराठी आणि कानडी अशा तीन मुलखांतील मुले एकाच दारापाशी उभी राहात. दार अरुंद आणि येणारे पुष्कळ. आत कोणी जावयाचे व बाहेर कोणी राहावयाचे, हा प्रश्न त्या शहराच्या सार्वजनिक जीवनात तेव्हापासून आजपर्यंत कधी मावळलेला नाही. त्याने मंत्रिमंडळे हालवली, घटनादुरुस्ती घडवून आणली, आणि रक्तही सांडले.

बाजारात वस्तू थोडी व गिऱ्हाईक फार झाले की भाव चढतो, ज्याला परवडत नाही तो बाजूस होतो आणि वाटप आपोआप होते. अर्थशास्त्राचा हा पहिला धडा. परंतु महाविद्यालयातील जागेला असा भाव लावू नये, असे समाजाने ठरविले आहे. आंध्र प्रदेशाने १९८३ साली देणगी घेऊन प्रवेश देण्यास कायद्यानेच बंदी केली. आता भाव नाही म्हणजे वाटपाचे काम संपले असे नव्हे. ते अधिकच अवघड होते, कारण येथे दोन्ही बाजूंना निवड आहे. विद्यार्थ्याला अमुक महाविद्यालय हवे असते आणि महाविद्यालयालाही अमुक गुणांचा विद्यार्थी हवा असतो. विकत घेतलेला तांदूळ गिऱ्हाइकाकडे पाहून नापसंती दाखवीत नाही, महाविद्यालय दाखविते. अशा व्यवहारांच्या अभ्यासास अलीकडे जुळणीचे शास्त्र म्हणू लागले आहेत.

या शास्त्राचा जन्म मोठ्या थाटात झाला नाही. १९६२ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका गणित मासिकात डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघा गणितज्ञांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाची स्थिरता! लेखात सूत्रे जवळजवळ नव्हती. काही मुले आणि तितक्याच मुली आहेत. प्रत्येकाच्या मनात दुसऱ्या बाजूच्या सर्वांची पसंतीक्रमाने यादी आहे. तर अशी लग्ने लावता येतील काय, की ज्यांत एखादा पुरुष आणि एखादी परस्त्री आपापल्या जोडीदारापेक्षा एकमेकांनाच अधिक पसंत करीत आहेत, असा प्रसंग उरणार नाही? असा प्रसंग उरला तर ती दोघे पळून जाणार, आणि मांडलेला डाव मोडणार. न मोडणाऱ्या जुळणीला त्यांनी स्थिर म्हटले. आपल्याकडे पत्रिका, गोत्र आणि हुंडा यांच्या जोरावर ही स्थिरता साधण्याचा दावा मध्यस्थ पिढ्यान् पिढ्या करीत आले. गेल आणि शॅप्ली यांनी ती सिद्ध करून दाखविली, एवढाच फरक.

त्यांची रीत समजण्यास गणित येण्याची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थी प्रथम आपल्या पहिल्या पसंतीच्या महाविद्यालयाकडे अर्ज करतो. महाविद्यालय आपल्या जागांइतके उत्तम अर्ज हाताशी ठेवते व बाकीच्यांना नकार देते. ठेवलेल्यांनाही ते कायमचा होकार देत नाही. नुसते थांबवून ठेवते. नकार मिळालेले आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. तेथे आधी थांबविलेले आणि नव्याने आलेले यांची पुन्हा तुलना होते, आणि कालचा थांबलेला आज बाहेर पडू शकतो. असे फिरता फिरता कोणीही नकार घेऊन पुढे जाणारा उरत नाही; त्या क्षणी सर्व होकार पक्के होतात. या रीतीचा सगळा प्राण त्या लांबविलेल्या होकारात आहे. घाईने दिलेला शब्द नंतर आलेल्या अधिक योग्य माणसाच्या आड येतो. येथे शब्द शेवटपर्यंत दिलाच जात नाही. शिवाय अर्ज विद्यार्थ्याने करावयाचा असेल, तर कोणत्याही स्थिर जुळणीत त्याला मिळू शकेल अशी सर्वांत चांगली जागा त्याला याच रीतीने मिळते, आणि आपली खरी आवड लपवून त्याला काही लाभ होत नाही. हा शेवटचा गुण गेल–शॅप्ली यांच्या नंतर जवळजवळ वीस वर्षांनी सिद्ध झाला, आणि व्यवहारात त्यालाच सर्वांत अधिक किंमत आली.

मौज अशी की, जे गणितज्ञांनी १९६२ साली कागदावर मांडले ते अमेरिकेतील डॉक्टरांनी दहा वर्षे आधीच करून पाहिले होते. तेथील रुग्णालये होतकरू डॉक्टर मिळविण्यासाठी एकमेकांच्या पुढे धावत, आणि विद्यार्थ्याचे शिक्षण संपण्याच्या दोन-दोन वर्षे आधी त्याला बांधून घेत. १९४५ च्या सुमारास यावर निर्बंध आले, तेव्हा ओढाताण दुसऱ्या टोकाला सुरू झाली. विद्यार्थ्याने विचारासाठी दहा दिवस घ्यावेत असे ठरले. चार वर्षांत ती मुदत बारा तासांवर आणण्याची भाषा निघाली, आणि रुग्णालयांना तीही फार वाटली! अखेर सर्वांच्या याद्या एके ठिकाणी गोळा करून जुळणी करण्याचे ठरले. पहिल्या योजनेत मोठी उडी मारू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होते, हे खुद्द विद्यार्थ्यांनीच ओळखून आक्षेप घेतला. रीत बदलली, आणि १९५२ पासून ती चालू झाली. ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ साली दाखवून दिले की ती बदललेली रीत म्हणजे गेल–शॅप्ली यांचीच, फक्त अर्ज रुग्णालयांकडून होणारी. पुढे रॉथने ब्रिटनमधील निरनिराळ्या प्रांतांच्या योजना तपासल्या. एडिंबरो व कार्डिफ येथील योजना स्थिर जुळणी देणाऱ्या होत्या, त्या टिकल्या; बर्मिंगहॅम आणि न्यूकॅसल येथील तशा नव्हत्या, त्या मोडून पडल्या. गणिताच्या एखाद्या प्रमेयाला इतका सरळ पुरावा इतिहासाने क्वचितच दिला असेल. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ सालीच वारले होते.

हैदराबादेकडे वळावयाचे तर तेथला प्रश्न प्रथम जागांचा नव्हताच. तो माणसांचा होता. बाहेरून आलेल्यांनी नोकऱ्या बळकावल्या म्हणून १९५२ साली शहरात मुलकी आंदोलन पेटले, त्यात विद्यार्थीच पुढे होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्रात मिळाले. मुलकी हक्कांची आश्वासने पाळली गेली नाहीत, या भावनेने १९६९ साली पुन्हा वणवा भडकला, आणि गोळीबारात अनेक तरुण प्राणास मुकले. १९७२ मध्ये उलट बाजूने, आंध्र भागातून, चळवळ उठली. या ओढाताणीतून १९७३ चे सहासूत्री सामंजस्य, त्यातून घटनेचे ३७१-ड हे कलम आणि त्यातून १९७४ चा राष्ट्रपतींचा प्रवेशविषयक आदेश निघाला. उस्मानिया, आंध्र आणि श्रीवेंकटेश्वर या तीन विद्यापीठांच्या मुलखांप्रमाणे राज्याचे तीन स्थानिक भाग पाडण्यात आले. प्रत्येक भागातील शिक्षणसंस्थांत ८५ टक्के जागा त्या भागातील विद्यार्थ्यांसाठी राखल्या गेल्या. ज्या संस्था साऱ्या राज्याच्या मानल्या गेल्या, त्यांतील या जागा आंध्र, उस्मानिया आणि श्रीवेंकटेश्वर या भागांत ४२, ३६ आणि २२ या प्रमाणात वाटावयाच्या होत्या. जुळणीचे शास्त्र ज्याला जागांवरील अट म्हणून दोन अक्षरांत उरकते, तिच्यामागे असा वीस वर्षांचा इतिहास असू शकतो.

१९८६ पासून आंध्र प्रदेशाने अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांसाठी एकच प्रवेशपरीक्षा घेण्यास प्रारंभ केला. घराघरांत ती एम्सेट या नावाने परिचित झाली. परीक्षेने लाखांवरील मुलांची एकच क्रमवार यादी तयार होई. मग कौन्सेलिंग. आईबापांसह मुले ठरल्या दिवशी केंद्रावर येत. क्रमांक पुकारला की मुलगा आत जाई; कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेच्या किती जागा उरल्या आहेत हे पाही; आणि त्या घटकेस एक जागा निवडी. त्याच्या मागचा उरलेल्यांतून निवडी. बाहेर ताटकळणाऱ्या बापाला दिसत असे ते एवढेच की, आपला क्रमांक जवळ येत आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा झपाट्याने संपत आहेत.

हा देखावा कितीही केविलवाणा असला तरी शास्त्रदृष्ट्या निर्दोष होता, हे नमूद केले पाहिजे. सर्व महाविद्यालये एकच यादी मानीत असतील, तर यादीच्या क्रमाने एकेकाला निवडू देणे आणि गेल–शॅप्ली यांची रीत चालविणे यांचे फळ तंतोतंत एकच येते. कोणालाही असे म्हणता येत नाही की, माझ्यापेक्षा खालच्या क्रमांकाच्या मुलाला मला हवी असलेली जागा गेली. ज्या अधिकाऱ्यांनी ही पद्धत बसविली त्यांनी अमेरिकेतील मासिक चाळले असण्याचा संभव कमी. साधी न्यायबुद्धी त्यांना त्याच ठिकाणी घेऊन गेली. पुढे संगणक आला, दालनातील रांग गेली, आणि मुले घरी बसून पसंतीक्रम भरू लागली. तेव्हा मात्र यादी कशी भरावी याचे सल्ले देणाऱ्यांचा एक नवाच धंदा उदयास आला. वास्तविक आवडीच्या क्रमाने भरावी, यापलीकडे देण्यासारखा सल्ला तेथे नव्हता.

गुंता झाला तो एका यादीच्या अनेक याद्या झाल्यामुळे. हैदराबादचा एकच विद्यार्थी एकाच वेळी स्थानिक असतो, मागासवर्गीय असू शकतो, आणि मुलगी असेल तर स्त्रियांसाठी राखलेल्या एकतृतीयांश जागांचीही हक्कदार असते. तो कोणत्या दाराने आत आला, यावर बाहेरच्या दुसऱ्या कोणाचे तरी भवितव्य ठरते. समजा, मागासवर्गातील एका मुलीला तिच्या गुणांवर खुल्या जागेतून मध्यम प्रतीचे महाविद्यालय मिळत आहे. पण राखीव जागेतून त्याहून चांगले मिळते. राखीव दारानेच तिने जावे तर तिच्याच वर्गातील, तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलीची जागा जाते. खुल्या दाराने जावे तर अधिक गुण मिळवून कमी प्रतीच्या महाविद्यालयात जाण्याची शिक्षा तिला होते, आणि तिच्याहून कमी गुणांची मुलगी राखीव जागेवर वरच्या महाविद्यालयात बसते. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की, अशा विद्यार्थ्याला राखीव जागेवरचे चांगले महाविद्यालय घेऊ द्यावे, मात्र त्याची गणना राखीव जागांत करू नये. मग तिने सोडलेली ती मध्यम महाविद्यालयातील खुली जागा कोणाची? आंध्र प्रदेशाने २००१ साली शासकीय आदेश क्रमांक ५५० काढून उत्तर दिले: ती त्याच वर्गातील पुढच्या विद्यार्थ्याची. हैदराबादच्या न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत हा आदेश पुढे पुष्कळ गाजला.

गणिती रीत येथे काय सांगते? प्रत्येक महाविद्यालयातील खुल्या आणि राखीव जागा निरनिराळ्या मानून जुळणी चालविली, तर सोडलेली खुली जागा गुणानुक्रमे जो पुढे असेल त्याला जाते, तो कोणत्याही वर्गातला असो. जुळणी स्थिर राहते; पण मागासवर्गातून आत येणाऱ्यांची एकूण संख्या एकाने घटू शकते. आदेशाप्रमाणे चालले तर ती संख्या राखली जाते, परंतु खुल्या जागेसाठी गुणांनी पुढे असलेला एक विद्यार्थी बाहेर राहतो. कोणता परिणाम कोणत्या नियमातून निघतो हे शास्त्र अचूक सांगते. यांतले न्याय्य कोणते, हे सांगणे त्याचे काम नव्हे, आणि ते आपलेच काम आहे असा आव कोणी शास्त्रज्ञाने आणला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करणे बरे.

अज्ञानापोटी घडलेला अन्याय मात्र शास्त्राने उघडा करता येतो. खुल्या गटातील स्त्रियांच्या राखीव जागा कोणी भरावयाच्या, याविषयी १९९५ च्या एका निकालापासून काही राज्यांत असा व्यवहार रूढ झाला होता की, त्या जागांवर मागासवर्गातील स्त्री अधिक गुणांची असली तरी चालत नसे. परिणामी अधिक गुणांची बाहेर आणि कमी गुणांची आत! तायफून सोन्मेझ आणि बुमिन येन्मेझ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी त्या पद्धतीतला दोष गणिताने दाखविला आणि दुसरी रीत सुचविली. त्याच सुमारास, २०२० च्या ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या मार्गाने विचार करीत त्याच निष्कर्षावर येऊन तो व्यवहार रद्द ठरविला. गणिती आणि न्यायाधीश दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचले.

दुसरा गुंता एकाहून अधिक रांगांचा. हैदराबादजवळ २००८ साली आय.आय.टी. स्थापन झाली, वरंगळची राष्ट्रीय संस्था १९५९ पासूनची. पूर्वी आय.आय.टी. संस्थांचे प्रवेश एका मंडळाकडे आणि राष्ट्रीय तंत्रसंस्थांचे दुसऱ्याकडे. एकच हुशार मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे, शेवटी एक सोडी, आणि ती सोडलेली जागा भरण्याची वेळ निघून गेलेली असे. ज्या जागेसाठी हजारो मुले वर्ष वर्ष घोकंपट्टी करतात, ती रिकामी राहावी याहून मोठा अपव्यय कोणता? २०१५ साली दोन्ही प्रवेश एकत्र करण्यात आले. सुमारे ८० संस्था आणि ५०० हून अधिक अभ्यासक्रम यांची ही जुळणी गेल–शॅप्ली यांच्याच रीतीवर उभारली गेली. कानपूरचे सुरेंद्र बास्वाना, खरगपूरचे पार्थप्रतिम चक्रवर्ती, पवईचे शरत् चंद्रन आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे यश कनोरिया व उत्कर्ष पाटंगे यांनी ती आखली. रिकाम्या जागा लक्षणीय प्रमाणात घटल्या. तरीही मिळालेली जागा नाकारून दुसरीकडे जाणारे असतातच, म्हणून जुळणीच्या फेऱ्या अनेक होतात. जागा मिळालेल्या मुलाने फ्रीझ, फ्लोट किंवा स्लाइड यांतला एक शब्द निवडावयाचा: आहे त्यावरच थांबतो, कोणत्याही संस्थेत वर सरकण्याची वाट पाहतो, किंवा त्याच संस्थेत वरच्या शाखेची वाट पाहतो. वाट पाहणाऱ्याची हातची जागा, वरची मिळेपर्यंत, जात नाही. साठ वर्षांपूर्वीचा तो लांबविलेला होकारच हा. याच यंत्रणेत २०१८ पासून आय.आय.टी.मध्ये मुलींसाठी वाढीव जागा बसविण्यात आल्या. त्यायोगे मुलींचे प्रमाण २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे ठरले होते.

खरे सांगणाराला शिक्षा न होणे हा लहान गुण नव्हे, हे बोस्टन शहराच्या अनुभवावरून कळते. तेथील शाळांत पहिल्या पसंतीचे अर्ज आधी भरून जागा कायमच्या दिल्या जात. ज्याची पहिली पसंती हुकली, त्याची दुसऱ्या पसंतीची शाळाही तोवर भरलेली असे. जाणती घरे हिशेब करून पहिली पसंती खालची लिहीत. भोळी घरे खरे लिहून फसत. २००५ साली बोस्टनने ती पद्धत टाकली. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी सुमारे ३०,००० मुले दरवर्षी आपण मागितलीच नव्हती अशा शाळेत लोटली जात. २००३ साली नवी रीत येताच ही संख्या सुमारे ३,००० वर आली. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश संगणकाने होऊ लागले. तेथे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घेणे बंधनकारक, या नियमाने पालकांची किती रात्रींची झोप उडविली ते मुंबईकरांस ठाऊक आहे.

याच शास्त्राची एक शाखा रुग्णालयापर्यंत पोचली आहे. नवऱ्याला मूत्रपिंड द्यावयास पत्नी तयार, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या घरीही तीच अडचण. दोन घरांनी अदलाबदल केली तर दोघेही जगतात. १९७४ साली शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी अदलाबदलीचे गणित मांडले; २००४ च्या सुमारास रॉथ, सोन्मेझ आणि उन्व्हर यांनी ते मूत्रपिंडांस लावले. भारतात १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन निकटच्या नातेवाइकांत अशा अदलाबदलीस वाट मिळाली. आंध्र प्रदेशाचा कायदा १९९५ पासून निराळा होता. तेलंगणाने केंद्राचा सुधारलेला कायदा स्वीकारला तो २०२५ साली.

जागांचा जुना तंटाही त्याच सुमारास एका वळणावर आला. २०१४ साली राज्य दुभंगले तेव्हा प्रवेशाची जुनी वाटणी दहा वर्षे तशीच चालू ठेवण्याचे कायद्यात लिहिले होते. म्हणून राज्ये दोन झाली तरी जुन्या राज्यातील सर्वांस मोकळ्या असलेल्या १५ टक्के जागांवर दोन्हीकडची मुले अर्ज करीत राहिली. ती मुदत २ जून २०२४ रोजी संपली. २०२५ च्या प्रवेशापासून तेलंगणाने त्या १५ टक्क्यांचे दार आंध्रातील विद्यार्थ्यांस बंद केले.